पत्रिकेवर कुणाचं नाव

आपल्या पोरांत संगीताच्या पुरस्कारांवरून दोन पक्ष पडलेत. एक म्हणतो, वामनदादांना पद्म का नाही? दुसरा म्हणतो, सरकारी पदक थुंकायच्या लायकीचं, त्यासाठी हात कशाला पसरायचा? चहाच्या गाडीवर दोन्ही बाजूंची भांडणं मी ऐकलीत. मला दोघांशीही भांडायचंय.

मी सूतगिरणीत, रिंग खात्यात. आठ तास साच्यांचा आवाज कानात. पाळी सुटली की भाकरीसारखं गाणं लागतं. विठ्ठल उमपांचा चढा सूर ऐकतो, भीमसेन जोशींचा खर्जही ऐकतो. कुणी म्हणेल, ते आपलं गाणं नव्हे. मी म्हणतो, सूर कुणाच्या बापाचा नसतो. मांडव मात्र असतो. मांडव कुणी घातला, पत्रिका कुणी छापली, तिच्यावर कुणाचं नाव आलं आणि कुणाचं गाळलं, हे विचारायचं.

पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव घ्या. १९५२ ला गुरू गेले, १९५३ पासून भीमसेन जोशींनी त्यांच्या नावानं महोत्सव उभा केला. शिष्यानं गुरूसाठी एवढं करावं, ही गोष्ट मोठीच आहे. पण असल्या कुठल्याही मैफलीची पत्रिका हातात घेऊन वाचा. वर गायकाचं नाव ठळक. खाली बारीक टायपात तबला, पेटी. तानपुऱ्यावर बसलेली पोरं कधी असतात, कधी नसतात. आणि ज्यानं तबल्याची पुडी बांधली, वादी ताणली, शाई घोटली तो? आणि त्याच्याही आधी ज्यानं मेलेलं जनावर ओढलं, सोललं, कातडं कमावलं तो? तो पत्रिकेत नाही, मांडवात नाही, टाळ्यांत नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी ढोरं ओढली. त्या कातड्यावर थाप पडते तेव्हा लोक 'वाहवा' म्हणतात. त्याच कातड्याची हलगी गावात आपल्या गळ्यात असली की लोक म्हणतात, लांब उभा राहून वाजव.

मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईत, ही गोष्ट उघड्यावर आली. तिथं मार्गळी महिन्यात, डिसेंबर-जानेवारीत, सभागृहं कर्नाटक संगीतानं भरतात. सगळ्यांत मानाची मद्रास म्युझिक अकादमी, १९२८ ची. तिचा 'संगीत कलानिधी' किताब १९४२ पासून. तो पहिल्यांदा बाईला मिळाला १९६८ ला, एम. एस. सुब्बुलक्ष्मींना. त्या देवदासी घराण्यातल्या. बाईचा गळा ऐकायला सगळे हजर, किताब द्यायला मात्र २६ वर्षं!

त्याच शहरातले टी. एम. कृष्णा. ब्राह्मण घरातले, पहिल्या रांगेतले गवई. २०१५ ला त्यांनी सांगितलं, मी या मोसमात गाणार नाही. जातीचा प्रश्न त्यांनी मंचावरून मांडला, कोळीवाड्यातल्या महोत्सवात हात घातला. २०१६ ला मॅगसेसे मिळाला. २०२० ला 'सेबॅस्टियन अँड सन्स' हे पुस्तक आणलं, मृदंगम बनवणाऱ्यांवर. त्यातले बरेचसे दलित ख्रिश्चन. गायीचं, म्हशीचं, शेळीचं कातडं लागतं त्या पवित्र वाद्याला. ते लिहिल्यावर 'कलाक्षेत्र' संस्थेनं प्रकाशनासाठी दिलेलं सभागृह काढून घेतलं. वाद्य चालतं, ते कशाचं बनतं हे बोललेलं चालत नाही.

२०२४ ला अकादमीनं कृष्णांनाच 'संगीत कलानिधी' जाहीर केला, तेव्हा गहजब झाला. हा माणूस पेरियारचं कौतुक करतो म्हणून काही गायिका-गायकांनी त्या वर्षीच्या मोसमातून अंग काढलं. सुब्बुलक्ष्मींच्या नावाच्या जोडपुरस्कारावरून प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं.

कृष्णांना माझा जयभीम. आतला माणूस आतून बोलला, हे सोपं नाही. पण त्या सगळ्या गदारोळात मी एक प्रश्न शोधत होतो, तो मला दिसला नाही. मृदंगम घडवणाऱ्याला कलानिधी कधी? दार उघडणाऱ्याच्या गळ्यात हार पडला. दाराबाहेर जो पिढ्यान् पिढ्या कातडं ताणत बसला, त्याचं काय?

मला जास्त पटलं ते पा. रंजित यांच्या लोकांनी केलं ते. २०२० च्या डिसेंबरात, त्याच शहरात, त्याच मोसमात त्यांनी 'मार्गळीयिल मक्कळिसै' भरवलं. मार्गळीत लोकांचं संगीत. परई वाजली, गाणा झाला. कुणाच्या यादीत घुसायची वाट पाहिली नाही, यादीच आपली छापली.

आता आपल्याकडचे पुरस्कार. विठाबाई नारायणगावकर. मांग समाजातली तमाशासम्राज्ञी. राष्ट्रपतींच्या हातून सन्मान झाले. २००२ ला गेली ती हलाखीत. पुढं सरकारनं तिच्याच नावानं जीवनगौरव पुरस्कार काढला. 'कोर्ट' सिनेमा घ्या. अटक झालेल्या शाहिराची गोष्ट, गाणी संभाजी भगतांची, शाहिराच्या भूमिकेत आपले वीरा साथीदार. २०१५ ला त्याला सुवर्णकमळ मिळालं. त्या वेळी कबीर कला मंचाचे सचिन माळी, सागर गोरखे, रमेश गायचोर तुरुंगात होते. जामीन मिळायला २०१७ उजाडलं. पडद्यावरच्या शाहिराला कमळ, खऱ्या शाहिराला गज.

तेव्हा दुसऱ्या पक्षाचा राग मला कळतो. तरी मी म्हणतो, मागा. वामनदादांसाठी, आज जिवंत असलेल्या प्रत्येक शाहिरासाठी मागा. पदकाचं सोनं आपल्याही करातून येतं, ती भीक नव्हे. पण मागताना आपलं तोंड स्वच्छ पाहिजे. आणि इथं मला पहिल्या पक्षाशी बोलायचंय.

आपली १४ एप्रिलची पत्रिका काढून बघा. वर पुढाऱ्यांचे फोटो. मग निमंत्रक, स्वागतोत्सुक, सौजन्य. सगळ्यांत खाली एक ओळ : 'भीमगीतांचा कार्यक्रम होईल.' कुणाचा? नाव नाही. डीजेचा आकडा आधी ठरतो, शाहिराची बिदागी उरलं तर. भाषणं साडेनवापर्यंत लांबतात. दहाला कायद्यानं लाऊडस्पीकर बंद. गायिका पोर मांडीवर घेऊन संध्याकाळपासून मंचामागं बसलेली, तिच्या वाट्याला अर्धा तास. ढोलकीवाल्याचं नाव तर निवेदकालाही ठाऊक नसतं. पुण्या-मद्रासचे मांडव जे करतात, तेच आपण निळ्या मांडवात करतो. भीमराव कर्डकांच्या जलशानं बाबासाहेबांचा विचार खेड्यापाड्यात नेला. त्या जलशाची लेकरं आपण, आणि आपल्याच पत्रिकेत शाहीर बेनाम.

म्हणून पुढच्या जयंतीच्या मीटिंगमध्ये मी तीन गोष्टी मांडणार आहे, तुम्हीही आपापल्या वस्तीत मांडा. गाणाऱ्याचं, वाजवणाऱ्याचं, कोरसमधल्या बायांचं आणि ढोलकी मढवणाऱ्याचं नाव पुढाऱ्याच्या नावाएवढ्या टायपात छापा. बिदागी आधी ठरवा आणि कार्यक्रमाआधी हातात द्या. गाणं सात वाजता सुरू करा, भाषणं नंतर. पुढारी चिडतील. चिडू द्या. ज्याला ऐकायचंय तो पुढारी गाणं संपेपर्यंत सतरंजीवर बसेल.