आधी स्वतःची सुट्टी

भैय्या चौकातल्या डॉ. कोटणीस स्मारकात आज सावकाश फिरले. 1910 साली आपल्या सोलापुरात जन्मलेला हा माणूस 1938 मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून युद्धात होरपळणाऱ्या चीनला गेला. पुढे 1941 मध्ये बेथ्यून रुग्णालयाचा प्रमुख झाला. जखमींची रीघ, औषधांची वानवा, त्यात स्वतःला अपस्माराचे झटके. 9 डिसेंबर 1942 ला ते गेले. वय 32, मुलगा चार महिन्यांचाही नव्हता.

त्यांनी विश्रांती घ्यायला हवी होती, असं पंख्याखाली उभं राहून म्हणणं सोपं आहे. तिथे युद्ध होतं. आमच्या वॉर्डात युद्ध नाही, तरी आमच्या जुन्या इन्चार्ज सिस्टर दुपारी चारला डबा उघडायच्या, कडक भाकरीचा तुकडा शेंगाचटणीबरोबर उभ्याउभ्याच खायच्या. त्या बसत नाहीत म्हणून आम्हीही बसायचो नाही. मग सगळ्यांचीच चिडचिड, आणि ती निघायची पेशंटच्या नातेवाइकांवर!

आता ड्यूटीचा तक्ता माझ्या हातात आहे. पहिली रजा माझ्याच नावापुढे टाकलीय. ज्यांच्या हातात असा तक्ता आहे, त्यांनीही टाकावी. हाताखालच्या पोरींना मग रजा मागताना अवघडल्यासारखं होत नाही.