भाव उघडा, जनावर झाकलेलं

मार्गासनी हे नसरापूरहून वेल्ह्याला जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. गुंजवण्याच्या वाटेनं राजगडावर जाणारे इथं चहा पितात आणि पुढं जातात. तालुक्याचं नाव आता राजगड झालं आहे, पण आमच्या तोंडून वेल्हंच निघतं. रस्त्याला लागून आमचं घर, घराला लागून दुकान. गेल्या काही वर्षांत या दुकानावर दोन तऱ्हेचे पाहुणे वाढले. एक जागा विचारणारे, दुसरे मांडूळ विचारणारे. जागावाल्यांवर लिहायचं तर अख्खा अंक लागेल.

मांडूळवाला ओळखायला सोपा. तो आधी बिस्किटाचा पुडा घेतो, पावसापाण्याचं बोलतो, मग आवाज उतरवून विचारतो, "चाचा, इकडं दुतोंड्या कुणाकडं आहे का?" किती वजनाचा पाहिजे, तेही सांगतो. अमुक किलोच्या वर असेल तर लाख, त्याच्याही वर असेल तर कोटी. हा कोटी रुपये देणारा कुठं राहतो, ते मात्र कुणाला माहीत नसतं. तो नेहमी मुंबईला असतो, नाहीतर दुबईला. एवढ्या वर्षांत मांडूळ विकून कुणाचा वाडा उभा राहिल्याचं आम्ही पाहिलं नाही. टोकनचे पैसे बुडालेले आणि जामिनासाठी धावपळ करणारे मात्र ऐकून आहोत.

बिचाऱ्या मांडुळाचं काय, तर शेपूट बोथट, डोक्यासारखं दिसणारं, इतकाच त्याचा गुन्हा. लोक म्हणतात, सहा महिने या तोंडानं चालतो आणि सहा महिने त्या. विष नाही, स्वभाव गरीब. भुसभुशीत जमिनीत राहतो, उंदीर खातो, अंडी न घालता पिल्लं देतो. शेतकऱ्याच्या कामाचा प्राणी. पण गुप्तधन, औषध, लैंगिक ताकद, काय काय त्याच्या नावावर खपवलं आहे. वजन वाढावं म्हणून त्याच्या पोटात लोखंडी गोळ्या घातल्याचे प्रकारही उघडकीस आले आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला पकडणं, बाळगणं, विकणं गुन्हा आहे. तरी वन्यजीव व्यापारावर काम करणाऱ्या डब्ल्यूसीएस-इंडिया या संस्थेनं २०१६ ते २०२१ या काळातल्या नोंदी गोळा केल्या, तेव्हा देशभरात मांडूळ पकडल्याच्या १७२ घटना निघाल्या. त्यातल्या ५९ एकट्या महाराष्ट्रातल्या. आपल्या पुण्याचं नाव त्यात ठळक आहे. त्याच संस्थेला २०२१ मध्ये यूट्यूबवर मांडूळ विक्रीचे सुमारे दोनशे व्हिडिओ सापडले. म्हणजे बिस्किटाचा पुडा घेणारा माणूस आता मोबाईलमध्ये जाऊन बसला आहे.

आमचा भाचा या मांडूळवाल्यांना हसायचा. डिप्लोमाला आहे, हुशार आहे. "मामू, हे लोक जाहिल आहेत," म्हणायचा. एके दिवशी त्यानंच आम्हाला फोनवर एक अजगर दाखवला. परदेशी, ज्याला बॉल पायथन म्हणतात तो. पिवळा-तपकिरी, मुठीएवढं वेटोळं करून बसलेला, दिसायला खरोखर देखणा. खाली भाव लिहिलेला, ६१ रुपये.

"एकसष्ट रुपयांत कोंबडी येत नाही, अजगर कसा येतो?" आम्ही विचारलं.

मग त्यानं समजावून सांगितलं. हा पैशा-पैशाचा लिलाव. प्रत्येक बोलीला भाव फक्त दहा पैशांनी वाढतो आणि घड्याळ काही सेकंदांनी पुढं सरकतं. घड्याळ शून्यावर येईल तेव्हा ज्याची बोली शेवटची, त्याचा साप. फक्त बोली फुकट नाही. एका बोलीचे नऊ रुपये, आगाऊ भरायचे, हरलात तरी परत नाहीत.

आम्ही पुडीच्या कागदावर हिशेब मांडला. दहा-दहा पैशांनी ६१ रुपये व्हायला ६१० बोल्या लागतात. नऊनं गुणलं की ५४९०. म्हणजे लिलाववाल्यानं साप दाखवून साडेपाच हजार गोळा केले होते आणि घड्याळ अजून चालूच होतं. भाच्याच्या त्यात १४० बोल्या होत्या.

"पण मामू, जो जिंकेल त्याला तर स्वस्तातच मिळेल ना?"

"जिंकेल कोण? त्याचं तोंड पाहिलंस?"

जिंकणाऱ्याचं नाव म्हणजे इंग्रजी अक्षरं आणि पुढं आकडे. तो माणूस आहे की लिलाववाल्याचंच यंत्र, हे बोली लावणाऱ्याला कळायला वाव नाही. साप तरी आहे का, की कुणाच्या तरी सापाचा फोटो, तेही नाही.

हा खेळ नवा नाही. मार्टिन शुबिक या अर्थशास्त्रज्ञानं १९७१ मध्ये एक डॉलरच्या लिलावाचं कोडं मांडलं होतं. त्यात हरणाऱ्यालाही आपली बोली भरावी लागते. म्हणून एका डॉलरसाठी माणसं डॉलरपेक्षा जास्त मोजतात, आधीचे बुडू नयेत एवढ्यासाठीच. जर्मनीतून निघालेल्या स्वूपो कंपनीनं त्यावर मोठा धंदा उभा केला. ती २०११ मध्ये बंद पडली. पण युक्ती कुठं बंद पडते? १४० बोल्या लावलेल्या पोराला १४१ वी सोडवत नाही.

लिलाव आपल्याकडं वाईट मानलेला नाही. हुजूर (स.) यांनी एका गरजू अन्सारीची चादर आणि प्याला स्वतः लिलावात काढला होता. एक दिरहम बोलला गेला, जास्त कोण देतो असं त्यांनी विचारलं, दोन दिरहमला सौदा झाला. वस्तू समोर, घेणारा समोर, पैसे धन्याच्या हातात. त्यातूनच कुऱ्हाड आली आणि तो माणूस लाकडं विकून कमवायला लागला. घ्यायचं नसताना भाव चढवण्यासाठी खोटी बोली लावायला मात्र हदीसमध्ये स्पष्ट मनाई आहे. आणि पैसे सगळ्यांनी भरायचे, माल एकालाच, याला जुगार सोडून दुसरं नाव आम्हाला सुचत नाही.

आमच्या बाजारात दलाल रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवतात. शहरातले लोक याला लपवाछपवी म्हणतात. पण रुमालाखाली झाकलेला असतो तो भाव. जनावर बाहेर उभं असतं, त्याचे दात बघा, पाय बघा, चालवून बघा. भाच्याच्या लिलावात भाव जगाला दिसत होता आणि जनावरच झाकलेलं. मांडूळवाल्याचा सौदाही तोच. कोटीचा आकडा चारचौघांत, साप मात्र गोणीत.

पैसे होते आपाचे. भाताचे आलेले, फीसाठी पोराच्याच खात्यावर ठेवलेले. एका सापावर न थांबता गेले सव्वासहा हजार. लिलाव दोन महिन्यांत गायब झाला, उरलेल्या बोल्यांसकट. आपा एक शब्द बोलली नाही, भिशी उचलून हप्ता भरला. त्या गप्प बसण्यानं पोरगा आठ दिवस नीट जेवला नाही. आम्ही त्याला सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरवर फोन लावायला बसवलं. पलीकडून कोणती वस्तू घेत होता असं विचारताच त्यानं फोन ठेवला.

या धंद्याची खरी कुलूपकिल्ली इथंच आहे. देशी साप पाळणं कायद्यात बसतच नाही. परदेशी अजगराला आयातीचे कागद लागतात आणि २०२४ च्या नियमांप्रमाणं सरकारी पोर्टलवर नोंदणी. नाहीतर ते येतात कसे? डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाकडं बिस्किटं आणि केकच्या पुड्यांत दडवलेले ११ साप निघाले, त्यात ९ बॉल पायथन. असा माल मागणारा फसला तर दाद कुठं मागणार? फसवणाऱ्याला हे आधीच ठाऊक असतं.

यंदा पावसाळ्याआधी शेजारच्या बांधकामावर मुरमाचा ढीग उपसताना मांडूळ निघालं. हातभर लांब, लालसर, मुरमासारखंच. भाचाच पुढं झाला, लोकांना मागं सारलं आणि वनखात्याच्या १९२६ वर फोन केला. माणसं येईपर्यंत तासभर तो ऊन खात घमेल्याशेजारी बसून होता. या वेळी वस्तू कोणती, हे त्यानं खणखणीत सांगितलं. त्या तासात गर्दीतल्या चौघांनी येऊन त्याच्या कानाशी वजन विचारलं. एकानं तर दुकानातला आमचा तराजू मागितला. आम्ही दिला नाही.