नऊ आठवड्यांच्या आत

करकंबमध्ये आशा म्हणून घरोघरी फिरताना बायका बाळंतपणाचं मोकळेपणानं बोलतात. गर्भपाताचं मात्र दार पुढं लोटूनच विचारतात, "ताई, पाडलं तर पोलीस धरत्यात का?"

ही भीती कुठून आली ते कळतं. सोनोग्राफी केंद्रात पाटी असते की गर्भलिंगनिदान गुन्हा आहे. ती हवीच. मुली पोटातच मारल्या जात होत्या, म्हणून 1988 मध्ये महाराष्ट्रानं देशात सर्वांत आधी गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला. पुढं 2012 मध्ये परळीचं, 2017 मध्ये म्हैसाळचं बेकायदा गर्भपाताचं प्रकरण गाजलं. तपासण्या वाढल्या, आणि कटकट नको म्हणून अनेक औषध दुकानदारांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणंच सोडलं. गावात अर्थ पोचला तो एवढाच, की गर्भपात बंद झाला.

बंद झालेला नाही. 1971 च्या कायद्यानं त्याला परवानगी आहे. 2021 च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत पुरतं आणि बलात्कारपीडित, अल्पवयीन अशा काही जणींना चोवीसपर्यंत मुभा आहे. गोळ्या दिल्या जातात त्या नऊ आठवड्यांच्या आत. त्या वेळी सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे खात्रीनं दिसतच नाही, त्याला बारा-तेरा आठवडे तरी जावे लागतात. मग मुली वाचवायच्या नावाखाली गोळ्यांवर करडी नजर ठेवून कुणाची मुलगी वाचते? धडाक्यात कारवाई केली हे दाखवायला गोळ्यांचा साठा सोपा पडतो. मशीनवर बसून इशाऱ्यानं सांगणारा माणूस पकडणं अवघड, आणि खरं काम तेच आहे.

एका वस्तीवरची दोन लेकरांची आई माझ्याकडं वेळेत आली होती. किटवर दोन रेघा उमटल्या, पाळीच्या तारखेवरून सात आठवडे भरत होते. एका दवाखान्यात गोळ्या नव्हत्या. दुसरीकडं नवऱ्याची सही मागितली. सज्ञान बाईला कायद्यानं फक्त तिची स्वतःची संमती लागते, हे मी सांगून पाहिलं. तरी सहीवाचून अडलंच. नवरा ऊसतोडीला कर्नाटकात. तो येईपर्यंत नऊ आठवडे उलटले आणि गोळ्यांवर भागणारं काम क्युरेटिंगवर गेलं. खर्चासाठी तिनं बचत गटातून कर्ज उचललं. ते फेडायला ती आठवड्याच्या आतच द्राक्षबागेत कामावर गेली.