गाणं आमचं, रॉयल्टी कोणाची?

भीमगीत गिटारवर वाजलं की आपल्यातलेच काही जण नाक मुरडतात. त्यातून बँडच्या पोरांनी पैसे मागितले तर लगेच ‘चळवळ विकली’! आम्हाला हे पटत नाही. मुंबईत कबीर शाक्य यांच्या धम्म विंग्जने बुद्ध-भीमाची गाणी रॉकमध्ये आणली. चेन्नईत पा. रंजित यांच्या पुढाकाराने २०१८ साली ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ मंचावर आलं, रॅपसोबत परई घेऊन. या पोरांनी फुकट का वाजवायचं? उपाशी राहणं हा काही कलावंताचा धम्म नव्हे.

आमच्या नांदगाव खंडेश्वरच्या पोरांनी सहा गाणी बांधली. अल्बम करायचा म्हणून आम्ही त्यांच्यासोबत एका स्टुडिओत गेलो. मालकाने चहा पाजला, गाणी ऐकली अन् म्हणाला, “चाल मस्त हाय भाऊ, पण ते मनुस्मृती, ॲट्रॉसिटी काहाडून टाका. डीजेवर पोट्टे नाचले पायजेत, तवा व्ह्यू येतात.” मग कागद पुढे केला. एकदाच ठोक रक्कम, सगळे हक्क त्याचे. गाणी लिहिणारा पोट्टा सही करायला निघाला होता. घरी कृषी केंद्राची उधारी थकलेली. त्याला गद्दार म्हणायची आमची हिंमत नाही.

शब्द कापले की निदान कळतं तरी. कागद मात्र गुपचूप गाणंच घेऊन जातो. ‘एन्जॉय एन्जामी’ २०२१ साली जगभर गाजलं. त्यात गाणारा, लिहिणारा अरिवू कास्टलेस कलेक्टिव्हमधलाच. त्याच वर्षी ‘रोलिंग स्टोन इंडिया’च्या मुखपृष्ठावर या गाण्याची गायिका धी झळकली, अरिवू नव्हता. २०२४ मध्ये संगीतकार संतोष नारायणन यांनी जाहीर सांगितलं की या गाण्याचा एक पैसाही मिळालेला नाही. कोट्यवधी लोकांनी ऐकूनही!

कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला आपला समान वाटा सोडून देताच येत नाही. तसं लिहून घेतलं तरी ते रद्द ठरतं. हे किती शाहिरांना कोणी सांगितलं?

आणि बाजार म्हणाल तर तो आपल्याकडे आधीपासून आहे. दीक्षाभूमी, चैत्यभूमीवरच्या स्टॉलवर भीमगीतांच्या कॅसेटी खपल्या, त्या आपल्याच माणसांनी कष्टाच्या पैशातून घेतल्या. तिथे मनुस्मृतीचं नाव काढायला कोणी सांगत नाही.

पोट्ट्याने त्या दिवशी सही केली नाही. वर्गणी करून दोन गाणी रेकॉर्ड झाली, एकही शब्द न कापता. चार बाकी आहेत आणि वर्गणी संपली आहे.