सोळा रेघा

लातूरचे नेमके वय सांगणे कठीण. राष्ट्रकूट राजे आपल्या लेखांत स्वतःस 'लत्तलूरपुरवराधीश्वर' म्हणवीत. म्हणजे हजाराहून अधिक वर्षांपूर्वीही हे नाव मानाचे होते. अशा गावाचा वाढदिवस मोजावा तरी कोठून? मग सरकारी तारीख हाताशी धरावी लागते. १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबादपासून वेगळा जिल्हा झाला व लातूर त्याचे मुख्य ठिकाण बनले. २०३२ मध्ये त्यास ५० वर्षे पूर्ण होतील. तेव्हा कमानी उभ्या राहतील, स्मरणिका निघेल आणि एक बोधचिन्हही निवडले जाईल, हे सांगावयास ज्योतिषी नको.

शेजारच्या नांदेडास ही अडचण नव्हती. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये तेथे ग्रंथसाहिबास गुरुपद दिले. २००८ मध्ये त्याची त्रिशताब्दी झाली, तेव्हा तारीख, स्थळ, निमित्त सारे ठरलेलेच होते. सचखंडाचा घुमट तर जगास ठाऊक. मात्र उद्या नांदेड शहराच्याच नावाने उत्सव झाला, तर आम्ही गोदावरीची एक वळणदार रेघ सुचवू. ती सर्वांचीच आहे.

बोधचिन्ह म्हणजे सामानाची यादी नव्हे. २०१४ मध्ये स्वच्छ भारत अभियानासाठी कोल्हापूरच्या अनंत खासबारदारांनी गांधीजींचा केवळ चष्मा काढला. काठी नाही, चरखा नाही. रोमने २०२५ च्या ज्युबिली वर्षासाठी स्पर्धा ठेवली, तेव्हा ४८ देशांतून २९४ चित्रे आली. सर्वांत लहान स्पर्धक ६ वर्षांचा, सर्वांत वडील ८३ वर्षांचा! निवड झाली ती जाकोमो त्राविसानी यांच्या चित्राची: परस्परांस बिलगलेल्या चार आकृती, आणि खाली जहाजाचा नांगर झालेला क्रूस. वाचकांनी ते चिन्ह चर्चच्या फलकांवर पाहिलेच असेल.

लातूरपुरते आमचे मत पक्के आहे. १९१७ मध्ये फैयाजुद्दीन यांच्या आराखड्यानुसार उभी राहिलेली गंजगोलाई, आणि तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते. एक वर्तुळ व सोळा रेघा; पाटीवर कोणतेही पोर काढील. सराफ, चांभार, गूळवाले, मिरचीवाले, सारे त्या रेघांवर बसले आहेत. येथे आमची ख्रिस्ती घरे मूठभर. आमच्या खुणेसाठी वेगळी जागा कोणी राखावी, असे आम्हांस वाटत नाही. बाजाराच्या वाटेवर आम्हीही आहोतच.

हे आम्ही आक्कांना मोठ्या हौसेने सांगितले. त्या पूर्वी औसा तालुक्यात शिक्षिका होत्या. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारले, "यात किल्लारी कोठे आहे?"

आम्ही गप्प झालो. १९९३ च्या ३० सप्टेंबरची ती पहाट. आदल्या दिवशी गणपतींचे विसर्जन करून लोक घरी निजले होते. दगडमातीच्या जाड भिंती झोपेतच अंगावर आल्या आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. आक्कांच्या हजेरीपटातील कित्येक नावांपुढे नंतर काही लिहावयाचे उरले नाही.

"आणि पाण्याची गाडी?" त्या पुढे म्हणाल्या. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पहिली गाडी दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी घेऊन आली होती. ती मात्र आम्ही सोडून दिली. वाघिणी काढू लागलो तर पुन्हा सामानाची यादी होईल. भूकंप सोडवेना. भूकंप म्हटला की चित्रकार भिंतीचा तडा काढून मोकळे होतात. तो आम्हांस नको होता. दुसऱ्या दिवशी आम्ही सुचविले की, दक्षिणेकडची, औसा-किल्लारीच्या दिशेची एक रेघ अर्ध्यावरच थांबवावी.

आक्का म्हणाल्या, "लोक त्याला छपाईची चूक समजतील."

समजोत. एखादे मूल तरी विचारीलच की, पंधरा पूर्ण असताना ही एकच अपुरी का. तेव्हा उत्तर द्यावयास कोणी मोठे माणूस जवळ असले म्हणजे झाले.