नरसापूरची साखळी

त्र्यंबकेश्वरला उगम पावलेली आपली गोदावरी आंध्र प्रदेशात समुद्राला मिळण्याआधी नरसापूरला भेटते. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी इथल्या बायकांना क्रोशाची लेस शिकवली. आजही ती घरोघरी विणली जाते. नवशिकीने आधी नुसती साखळीच घालावी. ती एकसारखी जमली, की मग खांब. दोरा बोटावरून सैल सोडावा. ओढून धरला तर टाके आवळतात आणि सुई आत शिरत नाही.

हे कष्टाचे काम 'गृहिणींचा फावल्या वेळेचा उद्योग' ठरवून मजुरी तुटपुंजी ठेवली जाई, हे मारिया मीस यांनी १९८२ च्या पुस्तकात दाखवले. २०२४ मध्ये या लेसला भौगोलिक मानांकन मिळाले. रुमालाच्या किमतीवरून घासाघीस करण्यापूर्वी चार ओळी स्वतः विणून पाहा!