डबीतली वाइन

“पोरीच्या तोंडाले दारू लावता व तुमी?”

मावशीच्या या प्रश्नानं अकोल्यातल्या जठारपेठेतलं ते छोटं पार्लर गप्पच झालं. मावसबहिणीचं लग्न अगदी जवळ आलेलं, बाहेर मे महिन्याचं चव्वेचाळीसच्या पुढचं ऊन, आणि पार्लरवालीनं नवरीसाठी पंधराशे रुपयांचं ‘रेड वाइन फेशियल’ सुचवलं होतं.

मावशीचं माहेर गुरुकुंज मोझरीजवळचं. तुकडोजी महाराजांनी १९३५ साली तिथं आश्रम उभारला. त्या भागातली तिच्या वयाची माणसं सामुदायिक प्रार्थना आणि व्यसनमुक्ती ऐकतच वाढली. पार्लरवाली म्हणाली, “मावशी, थे दारू नाई, वाइन हाये. अँटीऑक्सिडंट असते तिच्यात.”

“वाइन म्हंजे का दूध व्हय?”

मग दोघींनीही माझ्याकडे पाहिलं. अमरावतीत मी फार्मसीच्या मुलांना शिकवते, त्यामुळे घरातल्या प्रत्येक डबीचा निवाडा माझ्याकडे येतो. मी डबी उलटी करून घटकांची यादी वाचायला लागले. जास्त असतं ते आधी लिहायचं, असा नियम आहे. एक टक्क्याहून कमी असलेले घटक शेवटी कसेही लिहिले तरी चालतात. पहिलं पाणी, मग ग्लिसरीन, मग मऊपणा आणणारी तेलं. क्रीम टिकावं म्हणून घालतात ते फिनॉक्सिइथेनॉल एक टक्क्यापेक्षा जास्त वापरता येत नाही. द्राक्षाचा अर्क त्याच्याही खाली होता, रंग आणि सुगंधाच्या शेजारी.

वाइनच्या नावानं हा जो बोलबाला चालतो, तो मुख्यतः रेझव्हेरॅट्रॉलचा. बुरशीचा हल्ला झाला की द्राक्षाची वेल स्वतःच्या बचावासाठी ते बनवते, आणि ते सालीत साठतं. लाल वाइन सालीसकट आंबवतात, म्हणून त्यात ते उतरतं. पांढरीत अगदी थोडं. मिचिओ ताकाओका या जपानी शास्त्रज्ञानं १९३९ साली ते पहिल्यांदा वेगळं केलं, तेही द्राक्षातून नव्हे, व्हेराट्रम नावाच्या एका विषारी वनस्पतीच्या मुळातून. आपल्या भुईमुगातही ते असतं, पण ‘शेंगदाणा फेशियल’ कोणी काढलेलं मी पाहिलं नाही.

पार्लरच्या बिलामागेच मी हिशोब मांडला. लिटरभर लाल वाइनमध्ये रेझव्हेरॅट्रॉल काही मिलिग्रॅमच असतं. पाच धरू. पन्नास ग्रॅमच्या डबीत ते एक टक्का घालायचं तर पाचशे मिलिग्रॅम लागेल, म्हणजे शंभर लिटर वाइन! एवढी वाइन आटवून कोण क्रीम विकेल? सौंदर्यप्रसाधनांसाठी लागणारं रेझव्हेरॅट्रॉल बरंचसं जपानी नॉटवीड नावाच्या तणाच्या मुळांतून काढतात. युरोपात लोक हेच तण उपटून उपटून थकलेत.

“म्हंजे दारू नाई ना?” मावशीला तेवढंच हवं होतं.

“वाइनचा थेंबही यादीत नाही, मावशी.”

आता फायदा. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर रेझव्हेरॅट्रॉल चांगलं काम करतं, ही गोष्ट खरी. माणसांच्या चेहऱ्यावरचे अभ्यास मात्र लहान आहेत, आणि त्यांत पुष्कळदा व्हिटॅमिन ईसारखं आणखी काही मिसळलेलं असतं. श्रेय कोणाला द्यायचं? शिवाय ते उजेडात टिकत नाही. अतिनील किरणांनी त्याच्या रेणूची ठेवणच बदलते. अकोल्याच्या उन्हात उघडीच राहणारी डबी घेऊन त्याच्याकडून तेज मागायचं, हे मला तरी पटत नाही. फेशियलनंतर चेहरा तुकतुकीत दिसतो त्यात मोठा वाटा मालिशचा, वाफेचा आणि ग्लिसरीनचा असतो.

मावशीला वाटलं, आता आपलीच बाजू लागली. तिनं पिशवीतून वरुडच्या संत्र्याच्या वाळलेल्या सालींची पूड आणि लिंबू काढलं. लिंबाला मी तिथंच अडवलं. लिंबाचा रस अंगावर राहून ऊन लागलं तर फोड येतात, काळे डाग महिनोन्महिने जात नाहीत; हळदीच्या तोंडावर हा जुगार नको. घरचं म्हणून सगळं सोज्वळ नसतं. संत्र्याची पूडही नवरीनं आधी कधी लावलेली नव्हती, म्हणून तीही कोपराच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर पाहायची असं ठरवलं. वाइनच्या क्रीमलाही तीच परीक्षा लावली. दोन्ही निभावल्या.

नवरीनं शेवटी साधं मालिश घेतलं आणि बाहेर पडताना सनस्क्रीन लावलं. क्रीम वाईट नव्हतं, फक्त त्याच्या नावाचे पैसे जास्त होते. पार्लरवालीला मी हे सांगितलं तेव्हा तिनं शांतपणे टॉवेलची घडी घातली.

“ताई, तुमचं समदं खरं हाये. पण जपानी तणाचं फेशियल म्हणून बोर्ड लावला, तं पंधराशे कोण देईन?”